सिंहासाठी ठोकलेला खिळा

पासपोर्ट हातात यायच्या आधीच आमच्या ह्यांनी दुकानात खिळा ठोकला होता. गल्ल्याच्या मागे, महादेवाच्या तसबिरीशेजारी. शिरूर कासारला आमचं मोटर-पंपांचं आणि पाइपांचं दुकान. तेव्हा गावात नुकतीच केबल आली होती, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि नव्या पंप कंपन्या जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना परदेशाची सहल देऊ लागल्या होत्या. कुणाला बँकॉक मिळालं, कुणाला सिंगापूर. आमच्या वाट्याला जोडीनं केनिया आलं, तिथल्या नॅशनल पार्कातले सिंह बघायला.

"सिंहाचा फोटो माझ्या हातानं काढून हितं लावणार," असं हे फूट व्हॉल न्यायला आलेल्या शेतकऱ्यालासुद्धा ऐकवायचे. मी म्हणायची, "अहो, पण सिंहाला इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? खिळा तयार हाय."

मला हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. शिरूरच्या बाजारात माणसाचा एक शब्द खाली पडला की लोक तो वर्षानुवर्षं उचलून दाखवतात. आणि ह्यांना कुणी हसलेलं मला खपायचं नाही, हसायचा हक्क फक्त माझा.

कॅमेरा बीडच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून उसना आणला. तो म्हणाला, छत्तीस फोटोंचे दोन रोल तरी न्या. "छत्तीस सिंह हायेत का तिथं?" असं म्हणून हे एकाच रोलवर निघाले. सफारीला जायचं म्हणून अंगाला नवाकोरा सफारी शिवला. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पूजेचं साहित्य बांधून घेतलं. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही, मग ते शिरूर असो की आफ्रिका. तोवर माझी मजल नारायणगड आणि कपिलधारपलीकडे गेली नव्हती. विमानात मी सगळा वेळ डोळे मिटून बसले आणि हे मात्र खिडकीतून ढग बघत होते.

पार्काच्या फाटकाआधीच घोटाळा सुरू झाला. रस्त्याला मसाई लोकांच्या गाई आडव्या आल्या. आपल्यासारख्याच, वशिंडाच्या, पण अंगानं भरलेल्या. "थांब, थांब!" हे ड्रायव्हरवर मराठीत ओरडले आणि तोही थांबला. उतरून ह्यांनी गाईंचे फोटो काढले. पुढून, मागून, कासेचा वेगळा.

आत गेल्यावर गवत. कमरेएवढं, हिरवंगार, नजर जाईल तिथवर. आमच्या तालुक्यात दिवाळीनंतर अर्धी घरं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि मागं राहिलेल्यांना कडब्याची पेंढी बघायला मिळत नाही.

"बघ गं, एवढी वैरण, आन खायला कुणी न्हाई!"

"झेब्रे खातायत की," मी म्हणाले. पण झेब्रे त्यांना दिसतच नव्हते. गवताचे फोटो झाले, नदीच्या पाण्याचे झाले. बाकीचे दुकानदार हत्तीसाठी एकमेकांना ढकलत होते, तर हे म्हणाले, "हत्ती काय, आपल्या दारात बी येतो साधूसंगं." दोन दिवसांत सिंहाची शेपूटही दिसली नाही. संध्याकाळी ह्यांनी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला आणि तोंड उतरलं. एकच फोटो उरला होता.

"ह्यो सिंहाचा," कॅमेरा माझ्या पिशवीत ठेवत म्हणाले. "ह्याला हात लावू नको."

तिसरी सकाळ शेवटची. पूजा आटोपून मी तंबूबाहेर आले तर हे जागेवर नाहीत. जीपचा हॉर्न वाजत होता. स्वयंपाकघराच्या मागून पंपाचा आवाज येत होता, तिकडं गेले. नवाकोरा सफारी घालून हे चिखलात गुडघे टेकून बसले होते. शेजारी तिथला पंपवाला, उंच, काळा, हातात पाना घेतलेला.

"पंप हवा धरतोय गं," मला बघून म्हणाले. "तीन दिस झाले ऐकतोय, झोप लागंना."

तो त्याच्या भाषेत बोलत होता, हे शिरूरच्या भाषेत, आणि दोघांचं काही अडत नव्हतं. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असतो त्या फूट व्हॉलचं वॉशर गेलं होतं. ह्यांनी जीपच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर केलं, बसवलं, पंपात पाणी भरलं आणि बटण दाबायची खूण केली. पाइपातून आधी फुर्र झालं आणि मग धो धो पाणी आलं. हे त्या पाण्याखाली तोंड धरून हसायला लागले. त्या माणसानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली, ह्यांनी त्याच्या.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. माणूस हसरा होता, पण असा खदखदून, डोळे मिटून हसलेला मी पाहिला नव्हता. माझा हात पिशवीत कधी गेला ते मला कळलंच नाही. मी बटण दाबलं. रोल संपून कॅमेऱ्यात घर्र घर्र करत आपोआप मागं फिरायला लागला, तशी मी घाबरून कॅमेरा धपाट्यांच्या डब्याखाली लपवला.

जीप निघाली आणि अर्ध्या तासात सिंह भेटला. ऐन रस्त्यात बसलेला, आयाळीवर माश्या. सगळ्या जीपमध्ये कॅमेरे खटखटत होते. ह्यांनी आमचा बाहेर काढला, डोळ्याला लावला, दाबला, पुन्हा दाबला. मग आकडा बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

"तू?"

मी मान डोलावली.

"मग नीट बघून घे," एवढंच म्हणाले आणि मला खिडकीशी सरकवलं. सिंहानं जांभई दिली म्हणतात. मला काही दिसलं नाही, डोळे भरून आले होते. बाजारातला त्यांचा शब्द मी घालवला होता.

 परतताना बीडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघताना हे हळूच म्हणाले, "आता काय सांगू लोकांला?"

"सांगा, बायकोनं घालवला."

फोटो धुऊन आले त्या दिवशी दुकानात माणूस मावेना. मी आतल्या खोलीत दाराआड उभी. गाई निघाल्या, गवत निघालं, पाणी निघालं. ह्यांचा एक दोस्त ओरडला, "गाई बघाया आफ्रिकेत गेलता व्हय बे?" सगळं दुकान हसलं.

"माझ्याच हातानं गेला," ह्यांचा आवाज आला. "गाय दिसली की हात थांबंना. शेवटचा बी गाईवरच गेला."

पंपाजवळचा फोटो त्यांनी गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढला होता. तो माझ्याकडं देत म्हणाले, "ठेव." मी म्हणाले, दुकानात लावा, खिळा मोकळा हाय.

"जित्या माणसाचा फोटो? उदबत्ती ओवाळती का मला?"

खिळा तसाच राहिला. कुणी टोमणा मारायचं, "शेठ, सिंह कुठंय?" हे पाइप मोजता मोजता सांगायचे, "पाणी प्याया गेलाय. येतोय."

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. दिवस झाल्यावर मुलानं त्यांचा टाय घातलेला, स्टुडिओतला फोटो मोठा करून आणला. मी ट्रंकेतून पंपाजवळचा, माझ्या हातचा फोटो काढून दिला, फ्रेम करून आण म्हणाले.

"आई, ह्यात कपडे मळलेत त्यांचे."

"असू दे."

फ्रेम आली तसा तो हातोडी शोधायला लागला. मी म्हणाले, "हातोडी कशाला? खिळा हाय की. त्यांनीच ठोकलेला."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी फूट व्हॉल न्यायला आला. महादेवाच्या शेजारी, पाण्याखाली हसणाऱ्या ह्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "आला का सिंह?"

"आला," मी म्हणाले, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकादेखत रडले.