कप्पी

आमच्या नेपल्सच्या गल्लीत इम्माबाईंची कपडे वाळवायची दोरी समोरच्या गॅलरीतल्या कप्पीवरून फिरते, कारण त्यांच्या घरात ऊन येतच नाही. समोरची म्हातारी वारली आणि तिच्या मुलाने घर सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने दिलं. पाहुण्यांना देखावा दिसावा म्हणून शनिवारी कप्पी काढणार, असंही त्याने कळवलं.

त्याच आठवड्यात तोरिनोहून एर्मान्नो बायकोपोरांसह तिथे उतरले.

"बाई, तुमच्या चादरीमुळे ज्वालामुखी दिसत नाही!"

"तो कुठं पळतोय, साहेब? चादर दुपारी काढते."

संध्याकाळी पोरं समुद्रावरून भिजून आली. एर्मान्नोंची बायको ओले कपडे घेऊन घरभर फिरली आणि शेवटी गॅलरीत येऊन उभी राहिली.

"अडकवा की," इम्माबाई म्हणाल्या, "ओढते मी."

शनिवारी मालक पक्कड घेऊन आला, तर एर्मान्नो कप्पीपुढे उभे.

"अहो, आमच्या चड्ड्या वाळतायत!"

"आज निघताय ना तुम्ही?"

"निघू की. वाळू तर द्या."

तेवढ्यात पुढचं कुटुंब सामान घेऊन वर आलं. त्यातल्या आजींनी देखाव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कपडे कुठं वाळवायचे?" त्यांनी विचारलं.

मालकाने पक्कड खिशात घातली. इम्माबाईंनी चिमट्यांची पिशवी दोरीवरून पलीकडे पाठवली.