तीन वर्षं न उघडलेली टाकी

मोटरहोम घेणारी माणसं मोठी हौशी असतात. चाकांवरचं घर घ्यायचं म्हणून पलंग किती मऊ आहे ते बसून बघतात, पडद्यांचा रंग ठरवायला दोन दिवस घालवतात. पण आपण जे धुतो, अंगावर ओततो आणि संडासात सोडतो, ते सगळं आपल्याच पायाखालच्या दोन टाक्यांत साठतंय, हे त्यांना पहिल्यांदा कळतं ते नाकानं. मग पडदे-बिडदे राहतात बाजूला आणि गाडी येते टाक्या साफ करून देणाऱ्या मावशीच्या आवारात.

तिला सगळे ठकठकमावशी म्हणत. टाकी किती भरली हे दाखवणारे चार छोटे दिवे प्रत्येक गाडीत असतात, आणि मावशीचा त्यांच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. आतल्या सेन्सरला कागदाचा एक कपटा चिकटला, की रिकामी टाकीसुद्धा ते जन्मभर भरलेलीच दाखवतात. मावशी सरळ गाडीखाली उताणी सरकायची आणि बोटाच्या पेरानं टाकीवर खालून वर ठोकत जायची. ठक्क, ठक्क. जड आवाज जिथे पोकळ होतो, तिथपर्यंत पाणी. "अर्धीच आहे हो. उगाच घाबरलात," असं खालूनच सांगायची. साठी ओलांडलेली बाई, पण तिचा अंदाज दोन बोटांनीही चुकत नसे.

गिऱ्हाइकाला सोडताना ती शाळेतल्या बाईंसारखे नियम सांगे. काळी टाकी संडासाची, करडी टाकी बेसिनची आणि आंघोळीची. आधी काळी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. टाकी रिकामी झाली की बादलीभर पाणी आत टाकून ठेवायचं. आणि मुक्कामाला थांबलात तर काळीचा व्हॉल्व्ह कधीही उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं, बाकीचं मागे राहतं, त्याचा ढीग होतो आणि ढिगाचा दगड. "मग मला छिन्नी-हातोडा घेऊन यावं लागतं," ती म्हणायची, आणि माणसं हसायची.

हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलेलं. आवार त्याचं, धंदा त्याचा, ठोकून ऐकायची रीतही मुळात त्याचीच. पुढे कॉम्प्रेसर फुटला त्यात त्याचा डावा कान कायमचा गेला आणि उजवाही कानात मशीन घातल्याशिवाय चालेना, तेव्हा टाक्यांवर ठोकायचं काम बायकोकडे आलं.

तो जाऊन तीन वर्षं झाली होती. आवाराच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची मोटरहोम उभी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्यावर एक जुनी गाडी विकत घेऊन दोघं एकदाच बाहेर पडले होते, त्या प्रवासातून परत आल्यापासून ती तिथेच होती. मावशी तिला हात लावत नसे आणि कोणाला लावू देत नसे. रोज दहाच्या सुमारास शेडमध्ये ऊन शिरायचं, आणि त्या गाडीच्या पोटातून एकच आवाज यायचा. ठक्क.

प्लास्टिक तापलं की फुगतं, फुगलं की बोलतं. मावशीनंच हे शंभर गिऱ्हाइकांना समजावलं होतं. तरी तो आवाज आला की तिच्या हातातलं काम थांबायचं. आवारात तिच्यासोबत काम करणारी तिची मुलगी दुरून बघायची. आई मान वळवून शेडकडे पाहतेय, ओठ हलतायत. एकदा जवळ जाऊन तिनं ऐकलं. मावशी म्हणत होती, "हो हो, बोला ना. बोला की एकदाचं."

त्याचं कारण मुलीला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्या प्रवासात ते एकाच जागी मुक्काम करून होते. सहाव्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, मावशी काही कामानं खाली उतरली आणि तिला काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह सताड उघडा दिसला. सहा दिवस उघडा! चाळीस वर्षं जगाला बजावणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीत नेमकं तेच करून ठेवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती तरातरा आत आली. तो बेसिनशी वाकून तोंड धूत होता. तिनं त्याला सोलून काढलं. लग्न झाल्यापासूनचं सगळं काढलं. आणि तो? हूं नाही की चूं नाही. नळ सोडून बेसिनच्या भोकात बोट घालून काहीतरी करत बसलेला. त्या गप्प बसण्यानं तिच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. शेवटी तिनं उघड्या दाराकडे हात केला आणि म्हणाली, "जा, आवरा तो घोळ. आणि मरा तिकडेच!"

तो गेला. चाकाला पाठ टेकून व्हॉल्व्हपाशी बसला आणि अर्ध्या तासात खरंच मेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात, तसं घरोघरी बायका-नवरे एकमेकांना रोज मारतात आणि रात्री एका ताटात जेवतात. पण हिचं बोलणं खरं झालं.

हॉस्पिटलनं त्याच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या, त्यात कानाचं मशीन नव्हतं. जावयानं तिथलं गवत विंचरून काढलं, गाडी झाडली, बेसिनखालची वाकडी नळी खोलून पाहिली. नाही म्हणजे नाही. राहिली एकच जागा. तोंड धुताना तो मशीन काढून बेसिनच्या काठावर ठेवायचा, आणि भोकावरची जाळी त्यानंच काढून टाकली होती, केस अडकतात म्हणून. शेंगदाण्याएवढी वस्तू. पडली असेल तर करड्या टाकीत असणार, आणि त्या दिवसापासून करडी उघडलीच नव्हती. आत मशीन असेल, तर भांडणाच्या वेळी त्याला काही ऐकू येत नव्हतं. नसेल, तर तो बायकोच्या तोंडचं ते वाक्य कानात घेऊन गेला.

"मग उघड की," मुलगी पहिल्या वर्षी म्हणाली होती.

"आणि नसलं तर?" मावशीनं विचारलं होतं. "झाकली मूठ आहे तीच बरी आहे गं."

पण तसं बरं काही नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीखाली पडल्यापडल्या तिला तेच वाक्य टाकीतून ऐकू यायचं, तिच्याच आवाजात. आवारात एखादी बाई नवऱ्यावर डाफरली की मावशीचा चेहरा उतरायचा आणि ती जाऊन पंप चालू करायची. जगासमोर ती हसतमुख होती, पण रात्रंदिवस तिला हे खात होतं आणि त्यातून तिची सुटका नव्हती.

मग एका सकाळी ठक्कऐवजी करकर आवाज आला. मुलगी शेडमध्ये जाऊन वाकली. करड्या टाकीला धरून ठेवणारी एक पट्टी गंजून तुटली होती आणि टाकी एका बाजूनं लोंबत होती.

"आई, दुसरी पट्टीही आज-उद्या जाणार. टाकी फुटली तर सगळं मातीत जाईल. मग कधीच कळणार नाही."

मावशीनं वाकून ती तुटकी पट्टी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "हातमोजे आण. आणि ती बारीक गाळणी."

त्यांनी आधी टाकीखाली जॅक लावला. व्हॉल्व्हचं रबर सुकून चिकटलं होतं, त्याला तेल पाजलं. मावशीनं मुलीला दहा पावलं मागे उभं केलं. इतक्या दिवसांच्या बंद टाकीत विषारी वायू असतो, तिथे कुणी नाक खुपसत नाही. दांडा ओढला. पाणी आलंच नाही. काळपट चिखल बोटभर सरकला आणि थांबला. वास मात्र आला, आणि मुलगी तोंड फिरवून ओकली. मावशीला काही झालं नाही.

वास ओसरल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, छतावरच्या हवेच्या नळीतून कोमट पाणी आणि तेलकटपणा कापणारं औषध आत सोडलं आणि दुपारपर्यंत थांबल्या. जेवायचं दोघींनाही सुचलं नाही. मग व्हॉल्व्हला पाइप जोडून त्याच्या तोंडाला गाळणी धरली. पहिल्या पाण्यात केसांचा गुंता आला. दुसऱ्यात साबणाच्या वड्या, भाताची शितं दगड झालेली, मावशीची एक केसांची पिन. तिसऱ्यात नुसता गाळ. मावशीनं गाळणी आपटून रिकामी केली आणि पुन्हा पाइपाला धरली.

"आई, तू बस. मी धरते."

"नाही. मीच."

चौथ्या पाण्याला गाळणीत काहीतरी टक्कन वाजलं. मावशीनं ते अंगठ्यानं पुसलं. आधी बटण वाटलं. मग त्याला वळलेली बारीक शेपटी दिसली, कानात अडकणारी.

मुलगी हसता हसता रडायला लागली. "आई! बाबांनी ऐकलंच नाही गं! एक शब्दसुद्धा नाही! तू उगाच... तीन वर्षं..."

मावशीही रडली. छाती मोकळी होईपर्यंत रडली. तिला खरंच हलकं वाटत होतं. ती नळापाशी गेली आणि मशीन स्वच्छ पाण्याखाली धरलं. हातमोजा काढून नखानं त्याचा कोपरान् कोपरा साफ केला.

मग तिचा हात थांबला. नळ वाहत राहिला.

"म्हणजे खिडकीतून म्हटलं तेही नाही," ती म्हणाली.

"काय म्हटलंस खिडकीतून?"

हे तिनं मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तो बाहेर गेल्यावर पाचेक मिनिटांत तिचा राग उतरला होता. तिनं चहा ठेवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली तो पाठमोरा बसला होता. "अहो, चुकलं माझं," ती म्हणाली होती. "या आत. चहा झालाय." त्यानं वळून पाहिलं नाही. रुसलाय तर रुसू दे, म्हणून तिनं आपला चहा पिऊन घेतला.

"अगं, तेव्हा कदाचित बाबा..." मुलगी बोलता बोलता थांबली.

"गेलेले असतील. नसतील. पण तेवढं तरी ऐकून गेले, असं मी धरून चालले होते." मावशीनं मूठ मिटली. "बेसिनवर आरसा आहे गं. माझं रागावलेलं तोंड त्यांनी पुरतं पाहिलं असणार. आणि माफी मी पाठीमागून मागितली."