मसाल्यातलं साडेअकरा टक्के पाणी

"ह्यात पाणी कुठंय ते मला दाखवा, मॅडम."

कुंदा परब यांनी स्टीलचा डबा आमच्या काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. गरम मसाल्याचा वास रिसेप्शनभर पसरला. त्यांच्या हातात आमच्या लॅबचे दोन रिपोर्ट होते आणि दोन्हीखाली माझी सही होती. पहिल्यावर मॉइश्चर, म्हणजे मसाल्यातलं पाणी, साडेअकरा टक्के. दुसऱ्यावर दहा पूर्णांक आठ. मर्यादा दहाची. दोन्ही नापास.

परळच्या एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये मी तेव्हा सीनियर केमिस्ट होते. नोकरीला पंचवीस वर्षं उलटली होती आणि माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नसे.

कुंदाताई घोडपदेवच्या. चाळीतल्या अकरा बायकांचा गट. लालबागला डंकावर मसाला कुटून आणायचा आणि ओळखीपाळखीत द्यायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. आता एका मोठ्या दुकानसाखळीला त्यांचा गरम मसाला आवडला होता. पहिल्यांदाच गटाचं नाव छापलेलं पाकीट दुकानात दिसणार होतं. अट एकच, लॅबचा पास रिपोर्ट.

"शनिवारपर्यंत रिपोर्ट नाही दिला तर ते दुसऱ्या कुणाचा तरी मसाला घेणार," त्या म्हणाल्या. "बायका रोज विचारतात, कुंदे, काय झाला गो? काय सांगू मी त्यांना?"

तो गुरुवार होता.

"तुम्ही आणखी वाळवा," मी म्हणाले. हा सल्ला मी पहिल्या रिपोर्टच्या वेळीही दिला होता.

त्यांनी डब्यातला चमचाभर मसाला हातावर घेतला, मूठ गच्च आवळली आणि माझ्या नाकासमोर उघडली. मसाला बोटांतून भुरभुर खाली पडला. "सादळलेल्या मसाल्याचा मुठीत लाडू होतो. हा होतो का, बघा."

"ताई, इथे मुठीवर रिपोर्ट निघत नाही."

हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

त्यांनी पिशवीतून एक काचेची बाटली काढली. "हा दुसऱ्या रिपोर्टनंतर तुमच्या सांगण्यावरून वाळवलेला. दोन दिवस गच्चीवर ऊन दिलं, मग परत कढईत परतला. घ्या वास."

मी वास घेतला. जवळजवळ नव्हताच. डब्यातला मसाला वेगळ्याच जातीचा वाटावा इतका फरक.

"चव आहे, पण मसाला मुका झाला," त्या म्हणाल्या. "असा मसाला मी कुणाला देणार नाही. नाव गेलं तरी चालेल."

"एवढा वास गेला कुठे?" मी आपली विचारायचं म्हणून विचारलं.

"जाणार कुठे? उडाला. वास काय पाय दुमडून बसतो?"

मी डब्यातल्या मसाल्याचं सॅम्पल घेतलं, पावती दिली आणि जिना चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले. वास उडाला. म्हणजे काहीतरी उडालं. आणि जे उडतं त्याला वजन असतं.

इथे थोडं आमच्या मशीनबद्दल सांगते. मॉइश्चर बॅलन्स हा खरं तर एक तराजू. त्यावर ॲल्युमिनियमच्या ताटलीत पाच ग्रॅम पूड पसरायची आणि झाकण लावायचं. वरून हॅलोजनचा दिवा पूड तापवतो आणि तराजू सतत वजन घेत राहतो. पाणी उडतं, वजन कमी होतं. वजन कमी व्हायचं थांबलं की मशीन टक्केवारी दाखवतं. सात-आठ मिनिटांत काम फत्ते. पिठाला उत्तम, रव्याला उत्तम. पण वजन कमी झालं म्हणजे पाणीच गेलं, हे गृहीत. मशीनला नाक नसतं. लवंग, वेलची, जायपत्री यांत सुगंधी तेलं असतात आणि तापवलं की तीही उडतात. मशीन त्यांनाही पाणीच समजतं.

कुंदाताईंचं पहिलं सॅम्पल लावलं त्या दिवशी सगळ्या मजल्यावर वास सुटला होता. "आज बिर्याणी कुणाकडून?" असं विचारून आम्ही हसलोही होतो. शिवाय मशीन पंचवीस मिनिटं थांबायलाच तयार नव्हतं, आकडा हळूहळू चढतच होता. मला वाटलं, फार ओला दिसतोय मसाला. सुगंधी मसाल्यांना ही पद्धत चालत नाही हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण लॅबमध्ये मशीन आलं आणि बटण दाबायची सवय लागली. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

मी पँट्रीतल्या चहाच्या मसाल्याच्या डब्यातून मूठभर लवंग उचलली, कुटली आणि मशीनवर ठेवली. खडखडीत लवंग. अर्ध्या तासाने आकडा आला, सतरा टक्के.

तशीच सामंत सरांच्या केबिनमध्ये गेले. सामंत सर आमचे लॅब हेड. माणूस सज्जन, पण बाहेर गेलेला रिपोर्ट परत घ्यायचा म्हटलं की त्यांना ॲसिडिटी व्हायची.

"सर, परबांचे दोन्ही रिपोर्ट चुकलेत. मीच चुकवलेत."

"मशीनचं कॅलिब्रेशन झालंय ना?"

"मशीन ठीक आहे. पद्धत चुकलीय."

"वैद्य मॅडम, त्या दुकानसाखळीवाल्या कंपनीच्या स्वतःच्या मशीनवरही अकराच आलंय. दोन मशीन एकच सांगतायत."

"एकाच घरातले दोन साक्षीदार आहेत, सर." मी लवंगेचा प्रिंटआउट टेबलावर ठेवला. "ही आपल्या पँट्रीतली लवंग. सतरा टक्के पाणी. पिळून बघता का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरी मेथड लावायची तर सामान कुठंय?"

"कपाटात. वरच्या खणात."

डीन-स्टार्क नावाचं ते काचेचं उपकरण खाली काढलं तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती. त्याची पद्धत जुनी आणि सोपी. मसाला टोल्युइन नावाच्या द्रवात उकळायचा. वाफ वर जाते, थंड होते आणि रेघा आखलेल्या एका बारीक नळीत थेंबथेंब उतरते. पाणी जड, ते तळाशी बसतं. टोल्युइन वर तरंगतं आणि सुगंधी तेलं त्यातच विरघळून राहतात. म्हणजे तळाशी उरतं ते निव्वळ पाणी. रेघेवर वाचायचं. यात स्क्रीन नाही, बटण नाही, फक्त धीर लागतो. दोन-तीन तास सहज जातात.

शुक्रवारी सकाळी आधी मी मोजून तीन मिलिलिटर पाणी त्यात घालून पाहिलं. नळीत तीनच आलं. उपकरण म्हातारं असलं तरी खोटं बोलत नव्हतं. मग कुंदाताईंना फोन केला. "येऊन बसा. यावेळी तुमच्या डोळ्यांसमोर करते."

त्या आल्या, गॉगल लावून काचेपलीकडे स्टुलावर बसल्या. चाळीस ग्रॅम मसाला फ्लास्कमध्ये गेला. फ्लास्क उकळायला लागला आणि नळीत पहिला थेंब उतरला. पहिला तासभर पाणी भराभर वाढलं, मग मंदावलं, मग थांबलं. मी आणखी पाऊण तास उकळू दिलं. पातळी हलली नाही.

तीन पूर्णांक चार मिलिलिटर. चाळीस ग्रॅमला साडेआठ टक्के.

खात्रीसाठी मी त्याच मसाल्याचं दुसरं सॅम्पल लावलं. पुन्हा साडेआठ. खरं सांगते, वयाच्या पन्नाशीत मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

"हे खाली दिसतंय तेवढंच तुमचं पाणी," मी कुंदाताईंना दाखवलं.

"आणि वरचं ते?"

"टोल्युइन. तुमचा वास त्यात आहे."

त्यांनी काचेला नाक लावून नळी पाहिली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही आमचा वास पाण्यात मोजत होतात."

"हो. चूक माझी. तुमचा एक घाणा माझ्यामुळे वाया गेला."

"वाया नाही हो, घरात संपवू," त्या म्हणाल्या. पण माझी मान काही वर झाली नाही.

सामंत सरांनी सुधारित रिपोर्टवर स्वतः सही केली, आधीचे दोन रद्द केल्याचं स्पष्ट लिहून. दुपारी कंपनीचे क्वालिटी मॅनेजर मिश्राजी यांचा फोन आला. आवाजात संशय होता.

"मॅडम, ये कैसे? कल तक ग्यारह था."

"मिश्राजी, आपके पास लवंग है?"

"है."

"सूखी है?"

"एकदम सूखी."

"पीसके अपनी मशीन में डालिए. फिर बात करते हैं."

पाऊण तासाने त्यांचा फोन आला. "मॅडम, उन्नीस परसेंट बता रहा है."

"तो सप्लायर को वापस भेजिए, गीली लवंग दी है."

ते मोठ्याने हसले. नव्या मेथडचा कागद मागवून घेतला आणि संध्याकाळच्या आत कुंदाताईंना होकार कळवला. शनिवार उजाडायच्या आधीच काम झालं. महिन्याभरात मिश्राजींच्या कंपनीने त्यांच्या सगळ्या मसालेवाल्यांसाठी पद्धत बदलली, तेव्हा सामंत सर आठवडाभर कॉरिडॉरमधून शीळ घालत फिरत होते.

दिवाळीच्या सुमाराला कुंदाताई आणि गटातल्या चौघीजणी आल्या. दुकानातून स्वतः विकत आणलेलं त्यांचंच पाकीट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "दुकानातून घेतलंय. रांगेत उभ्या राहून," त्यातली एक म्हणाली, आणि पाचही जणींचे चेहरे असे काही फुलले की माझे डोळे भरून आले.

मॉइश्चर बॅलन्सवर मी एक चिठ्ठी चिकटवली, ती अजून तिथे आहे: "हे यंत्र किती वजन गेलं ते सांगतं. काय गेलं ते आपण शोधायचं." यंत्राने आम्हाला कधी फसवलं नव्हतं. त्याने दिलेल्या आकड्यापुढे 'पाणी' हा शब्द मी लिहिला होता.

निवृत्त होईपर्यंत माझा एक नेम होता. मसाल्याचं सॅम्पल आलं की मशीनकडे जाण्याआधी चमचाभर हातावर घ्यायचा, वास घ्यायचा आणि मूठ आवळून उघडायची. रिपोर्टात त्याला रकाना नाही. पण मुठीचं आणि मशीनचं पटलं नाही, तर मी सही करत नसे.