साइयाच्या गाडीचे टायर

नील्सिया गाव ते कुओपिओ शहर ही बस वेइयो हाक्कारायनेननं चौतीस हिवाळे चालवली आणि एकदाही रस्त्याखाली उतरवली नाही. निवृत्त झाल्यावर मिरवायला त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. पेट्रोल पंपावरच्या कॅफेत खिडकीलगतची खुर्ची मात्र त्याची होती. ऑक्टोबर लागला की लोक कॉफी घेऊन त्याच्यापाशी बसत आणि यंदा बर्फासाठी टायर कुठले घालू म्हणून विचारत. वेइयो आधी कपातली साखर ढवळून घेई, मग सांगे.

त्या वर्षी त्याची भाची साइया आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. सहा वर्षं पैसे साठवून तिनं दोन सीटची, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेली जुनी लाल स्पोर्ट्‌स कार घेतली होती. तिनं वहीत सगळं नीट लिहून आणलं होतं. गाडी हलकी, त्यात मागून ढकलणारी, तेव्हा टायर अरुंद आणि बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे घ्यावेत असं टायरवाल्यानंही सांगितलं होतं. मामानं फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

टेबलाभोवती कॅफेतले नेहमीचे तिघे बसले होते. सगळे वेइयोच्या तोंडाकडे बघत होते. टायरवाल्याच्या शब्दावर नुसती मान डोलवायची, हे त्याला कसंसंच वाटलं.

"खिळे कशाला?" तो म्हणाला. "ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांना लागतात खिळे. आणि या गाडीला सायकलची चाकं लावणार का तू? रुंद घे, मऊ रबराचे. मागून सरकली तर स्टिअरिंगनं सावरायची. माझी भाची ना तू?"

टेबलावर हशा पिकला. साइया कानापर्यंत लाल झाली. तिनं वही मिटली आणि मामा म्हणाला तसे टायर घेतले.

नोव्हेंबरात वेइयोनं स्वतःच्या गाडीला टायर चढवले ते खिळ्यांचे. दरवर्षी तेच चढवायचा. गॅरेजचं दार आतून लावून त्यानं बोल्ट आवळले, तेव्हा साइयाला फोन करावा असं त्याच्या मनात आलं होतं. उद्या करू, म्हणाला. ते राहूनच गेलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फावर पाऊस पडला आणि रस्ते काचेसारखे गुळगुळीत झाले. सकाळी कामावर जाताना तळ्याकाठच्या वळणावर साइयाची गाडी मागून फिरली आणि उलटी जाऊन बर्चच्या झाडावर आदळली. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि उजवं मनगटही.

वेइयो इस्पितळात पोचला तेव्हा त्याची बहीण राइली पोरीच्या उशाशी बसून तिला फैलावर घेत होती. असले टायर घ्यायला सांगितलं तरी कुणी, हा तिचा एकच धोशा होता.

"कुणी नाही, आई," साइया म्हणाली. "माझी मीच घेतले. मामा खिळ्यांचेच घे म्हणत होता."

साइयासाठी आणलेल्या पावाच्या पिशवीचा वेइयोच्या हातात चोळामोळा झाला. बोलायला हीच वेळ होती. राइलीनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "बघ, तुझं तरी ऐकायचं होतं हिनं," ती म्हणाली. त्यानं होकाराची मान हलवली. ती मान कशी हलली, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

राइलीनं हेच गावभर सांगितलं. कॅफेतल्या त्या तिघांनी खरं काय ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. वेइयो आला की ते आइस हॉकीच्या गप्पा काढत आणि त्याच्याकडे बघायचं टाळत. कुणी एखादा टोमणा मारला असता तर बरं, असं त्याला झालं. चौथ्या दिवसापासून तो जायचाच बंद झाला.

शेवटी तो साइयाकडे गेला. ती डाव्या हातानं सूप पीत होती. खोटं का बोललीस, असं त्यानं विचारलं.

"आई तुझ्याशी बोलणं टाकेल," ती म्हणाली. "तुला आम्हांवाचून आहे कोण, मामा?"

ती रागावून बोलली असती तर त्यानं सोसलं असतं. पोरीनं आपली कीव केली, हे त्याच्यानं सोसवेना. तिथून निघाला तो थेट राइलीच्या स्वयंपाकघरात. अंगातला कोटही न काढता त्यानं सगळं सांगितलं, स्वतःच्या टायरांसकट. राइलीनं ऐकून घेतलं आणि नळ सोडून कप विसळायला घेतले.

"इस्पितळात का नाही बोललास?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

ती नाताळला त्याच्याशी बोलली नाही. ईस्टरलाही नाही. मे महिन्यात तिनं रताळ्याच्या रंगाची एक लोकरी टोपी साइयाच्या हाती पाठवली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर लोकरीची टोपी. वेइयोनं ती घातली आणि तसाच बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

पुढच्या ऑक्टोबरात साइयानं दुरुस्त होऊन आलेल्या गाडीसाठी अरुंद, खिळ्यांचे टायर घेतले. मामाला विचारलं नाही. चढवायला मात्र बोलावलं, कारण तिचं मनगट अजून जोर धरत नव्हतं.