चंपाच्या अप्पांचं नाव

माझ्या धाकट्या आत्याच्या यजमानांइतका दुसऱ्यांच्या पूर्वजांत रमलेला माणूस हुबळीत झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे गिऱ्हाइकाला बसवून, पाणी देऊन, ‘मूळ गाव कोणतं?’ इथून चौकशीला सुरुवात व्हायची आणि त्याच्या पणजोबांपर्यंत पोचल्याशिवाय एकाही लुगड्याची घडी मोडायची नाही. एकदा दोन गिऱ्हाइकं एकाच इरकली लुगड्यावरून हमरीतुमरीवर आली. आतोबांनी दोघांची कुळं विचारून ते चौथ्या पिढीत भाऊबंद असल्याचं जागच्या जागी सिद्ध केलं आणि आता ते गळ्यात गळे घालतील म्हणून कौतुकाने बघत बसले. भाऊबंद म्हटल्यावर भांडणाला नवाच जोर चढला. लुगडं दुकानातच राहिलं.

या सगळ्या वंशावळी आतोबा मांजरपाटाच्या ठाणावर निळ्या पेन्सिलीने उतरवून ठेवत. कागद फाटतो, कापड टिकतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी आपल्या घराण्याबद्दल विचारलं, की ते ठाण गादीवर सर्रकन उलगडत आणि हातातल्या गजाने पिढ्या दाखवत. “हे बघा, तुमचे खापरपणजोबा इथे, दीड हातावर.” एका बाईंनी त्या ठाणाचा भाव विचारला होता. आतोबा दोन दिवस जेवले नाहीत, असं आत्या सांगायची; पण आत्याला वाढवून सांगायची सवय होती. निदान एक वेळ तरी जेवले असावेत.

गावभरच्या सात-सात पिढ्या त्या ठाणावर होत्या, आणि आतोबांच्या स्वतःच्या दोन. ते, आणि त्यांचे वडील नारायणराव. त्याच्या वर एक रिकामा चौकोन. नारायणराव चार वर्षांचे असताना अळणावरजवळच्या एका खेड्यात तापाच्या साथीत त्यांचे आईवडील एकाच आठवड्यात गेले, आणि हुबळीच्या एका कापडवाल्याने पोराला आणून वाढवलं. म्हातारपणी त्यांना विचारलं, “तुमच्या वडिलांचं नाव काय?” तर ते म्हणत, “अप्पा.” त्यापुढे काही नाही. चार वर्षांच्या पोराला बापाचं दुसरं नाव कशाला लागतं? चंपा नावाची मोठी बहीण होती आणि वडील गावोगाव कापड विकायचे, एवढंच त्यांना आठवे. दर पितृपक्षात श्राद्धाला आजोबांचं नाव घ्यायची वेळ आली की भटजी घसा खाकरून काहीतरी पुटपुटत आणि पुढे सरकत. आतोबांची मान खाली जाई. जगाचे आजे शोधून देणाऱ्या या माणसाला तेव्हा बघवत नसे.

जमीन नव्हती, म्हणून आजोबा जमिनीच्या कागदात नव्हते. कर्ज नव्हतं, म्हणून कोर्टात नव्हते. “इतका सरळ माणूस असू नये हो!” आतोबा वैतागून म्हणत. बारा वर्षं ते रविवारी दुकान बंद ठेवून धूळ खात हिंडले. शेवटी त्या खेड्याच्या कुलकर्ण्यांकडे राणीच्या काळातल्या खानेसुमारीची घरयादी आहे असं कळलं, आणि मला घेऊन ते निघाले. मी तेव्हा हुबळीत नुकताच मास्तर झालो होतो आणि मला मोडी वाचता येई. कुलकर्ण्यांनी माळ्यावरून जुन्या कागदांचा रुमाल काढला. तिसऱ्या पानावर मी थांबलो. मुलगी चंपा, वय आठ. मुलगा नारायण, वय चार. म्हैस एक. धंदा कापडाचा. आतोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. “आणि घरधनी? वाच ना!” मी वाचलं: “घरधनी, चंपाचे अप्पा.”

आतोबा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काय झालं असेल ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. आजोबा फिरतीवर, घरी बाई एकटी. यादीवाला दारात उभा राहून विचारतोय, घरधनी कोण? ती नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, आणि त्याला उन्हाआधी उरलेली घरं उरकायची आहेत. तिने सांगितलं तेच त्याने लिहिलं. “म्हैस मोजली लेकाने!” आतोबा ओरडले.

यादीतलं शेजारचं घर अजून उभं होतं. तिथे माहेरी परत आलेली एक विधवा म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत होती. “बर्री, या, बसा की,” म्हणाली. चंपा तिची मैत्रीण निघाली. “नाव ठाऊक नाही बघा. आम्ही पोरी चंपाचे अप्पाच म्हणायचो की. पण चंपाच्या आईनं एका संक्रांतीला उखाणा घेतला होता. बायका हसून हसून लोळल्या होत्या.” तिने तोंडाला पदर लावला, आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची ती बाई आमच्यासमोर बोलली:

“वाटीभर गुळाला वाटीभर तीळ,
मल्हाररावांच्या मिशीला केवढा पीळ!”

आतोबांनी म्हातारीला साष्टांग नमस्कार घातला. परतीच्या गाडीत त्यांनी अख्ख्या डब्याला आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. मराठी न कळणाऱ्यांना कानडीत सांगितलं. आयुष्यभर लोंबत राहिलेल्या स्वतःच्या मिशांना पीळ द्यायला सुरुवात केली ती तिथेच. त्या पितृपक्षात भटजींनी घसा खाकरायच्या आत आतोबांनी ‘मल्हारराव’ अशी आरोळी ठोकली, तेव्हा शेजारी काय झालं म्हणून धावत आले. आत्या तेवढी उठून पानं वाढायला गेली. नंतर मला म्हणाली, “नाव घ्यायला त्या बिचारीला संक्रांतीची वाट बघावी लागली रे.”

पुढे लढाईच्या दिवसांत पुन्हा खानेसुमारी आली आणि आम्हा मास्तरांना ते काम लागलं. आत्याची गल्ली माझ्याकडे होती. आत्या तांदूळ निवडत होती, आतोबा आतल्या खोलीत. मी हसत हसत रीतीप्रमाणे विचारलं, “घरधन्याचं नाव?” आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागलो. “थांब,” आत्या म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, उखाण्याशिवाय, आतोबांचं नाव वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट स्वच्छ सांगितलं. “नीट लिही. उद्या कुणाला बारा वर्षं हिंडायला नको.” आतून आतोबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा बारीक. “मास्तर, ऐकू आलं ना नीट? नसेल तर परत विचारा तिला.”

“एकदा बस्स,” आत्या म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

आता दोघंही नाहीत. ठाण माझ्याकडे आहे. मल्हाररावांचा चौकोन त्यांनी इतका गिरवला आहे की कापड तिथे विरलंय. त्याच्या दोन घरं खाली आतोबांचं नाव आहे. ते इथे लिहायला हरकत नव्हती, पण लिहीत नाही. ते आत्याने एकदा घेतलेलं मी ऐकलंय, आणि माझ्या कानात तेवढंच राहू दे.