शिकागोच्या पडद्यावर अण्णाचा कोट

निपाणीच्या बसस्टँडवर मला पोचवायला आमची निम्मी वस्ती आली होती. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. बेळगावात नर्सिंग शिकून तिथंच काही वर्षं नोकरी केलेली मी, परीक्षा पास होऊन शिकागोच्या एका इस्पितळात निघाले होते. वस्तीतून अमेरिकेला जाणारी मी पहिलीच. आईनं त्या दिवशी विड्या वळायचं सूप भिंतीला उभं करून ठेवलं होतं, हे सणासुदीलाही घडत नसे. ती रडत नव्हती. माझ्या पदराची पिन पुन्हा पुन्हा नीट करत म्हणत होती, "तिथं कुणी काय इचारलं तर खाली बघून बोलू नगंस. समोर बघून बोल."

अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं शंकरनं, ट्रंक बसच्या टपावर चढवून बांधली आणि खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. आता काहीतरी उपदेश करणार असं वाटलं. तो तेव्हा कॉलेजात शिकवायचा, उपदेशाची सवय होती. पण तो हळूच म्हणाला, "त्यो भेटला तर माझा नमस्कार सांग." मी हसले आणि बस हलली.

तो म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तुम्हा गावाकडच्या माणसांतल्या ज्यांनी त्या काळी बेळगावच्या कॅम्पात इंग्रजी सिनेमे पाहिलेत, त्यांनाही कदाचित आठवेल.

सत्तरच्या दशकात अण्णा बेळगावला होस्टेलवर राहून शिकत होता. मी शाळेत होते. सुट्टीत एकदा आई मला घेऊन त्याला भेटायला गेली, तेव्हा त्यानं मला कॅम्पातल्या थिएटरात नेलं. पडद्यावर अमेरिकेतला एक काळा माणूस होता. डोक्याभोवती केसांचा गोल डोंगर, अंगात गुडघ्याखाली जाणारा चामडी कोट, डोळ्यांवर काळा चष्मा. तो रस्त्यातून चालायला लागला की गाड्या थांबायच्या. त्याला मारायला आलेले गोरे गुंड काचा फोडून बाहेर पडायचे. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे थिएटरात मराठी-कानडी असा वाद नव्हता. सगळे मिळून शिट्ट्या मारत होते. मी इतकी हरखून गेले होते की मध्यंतरात घेतलेले शेंगदाणे हातातच राहिले. आमच्यासारख्या रंगाचा माणूस, आणि कुणापुढंही बाजूला होत नाही, असं मी तोवर कुठंच पाहिलं नव्हतं.

अण्णा तर पार बदलला. त्यानं केस वाढवले. ते गोल उभे राहावेत म्हणून किती खटपट केली, पण आमचे केस सरळ, ते कानांवरून लोंबायचे. खडेबाजारातून काळा चष्मा आणला. होस्टेलमधल्या एका मित्राकडं लष्करातून निघालेला लांब काळा रेनकोट होता. तो मागून घेऊन अण्णा भर उन्हाळ्यात घालायचा. आई म्हणायची, "ऊन लागून मरशील रं." तो घामानं निथळत चालायचा, पण कोट काढायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात बोरगावजवळच्या मामाच्या गावी लग्न होतं. त्या गावच्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांना आत जायची सोय नव्हती. बाहेर कट्ट्यावर फुटक्या कानाचे कप पालथे घातलेले असत. आपणच तो उचलायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आणि धुऊन परत ठेवायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा कोट-चष्मा चढवून तडक आत शिरला आणि बाकावर बसला. मी दारात उभी. अण्णा इंग्रजीत म्हणाला, "वन टी." मालकाला वाटलं कुणी साहेब आलाय. त्यानं काचेच्या ग्लासात चहा आणून ठेवला. अण्णा तो पीत असतानाच कुणीतरी ओळखलं, "ह्यो तर गंगूचा पोरगा." गंगू म्हणजे आमची आई, त्या गावची लेक.

 दोघं-तिघं उठून त्याच्या बाकाजवळ आले. दारात माणसं जमली.  आणि अण्णानं बसल्या जागेवरून, मालकाकडं मानसुद्धा न वळवता, पुन्हा इंग्रजीत सांगितलं, "वन मोअर टी." मालक गोंधळला. एवढ्या लोकांसमोर काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं दुसरा चहा दिला. अण्णानं तो सावकाश, घोट-घोट करत संपवला. मग उठून बाहेर आला. पुढच्या आठवड्यात तो होस्टेलमधल्या पोरांना घेऊन परत त्याच हॉटेलात गेला. तेव्हा झोंबाझोंबी झाली, अण्णाची भुवई फुटली, तरी ते चहा पिऊनच उठले. पावसाळा यायच्या आत कट्ट्यावरचे कप दिसेनासे झाले.

तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक कार्यक्रमात ही गोष्ट सांगितली जाऊ लागली. सगळं हॉटेल अंगावर आलं तरी शंकर बाकावरून हलला नाही. सांगणारा शेवटच्या वाक्याला आवाज चढवायचा आणि टाळ्या पडायच्या. अण्णा स्टेजवर गंभीर चेहऱ्यानं बसलेला असायचा.

तर असा मनात तो नायक घेऊन मी शिकागोला उतरले. विमानतळावर पहिला काळा माणूस दिसला तो खाकी गणवेशात, बॅगांची गाडी ढकलत. दुसरा चष्मा लावून पेपर वाचत होता. लांब कोट सगळ्यांच्याच अंगात होते, कारण थंडी हाडात शिरणारी होती. माझी मलाच गंमत वाटली. वॉर्डात माझी जोडी लोरेटा नावाच्या काळ्या नर्सबरोबर लागली. उंच, जाड, सतत गुणगुणणारी. बर्फात कसं चालायचं, लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुवायच्या यंत्रात नाणी कशी टाकायची, सुपरवायझरला कधी उलट बोलायचं, हे सगळं तिनंच मला शिकवलं. मी डब्यातली चपाती-चटणी तिला द्यायचे. खर्डा खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी तिनं तो पुन्हा मागितला.

एका शनिवारी ती म्हणाली, "चल, आज तुला हसवते." सिनेमा विनोदी होता. सत्तरच्या दशकातल्या काळ्या नायकांच्या त्या मारधाडीच्या सिनेमांची टिंगल करणारा. पडदा उजळला आणि मी खुर्चीत पुढं सरकले. तोच कोट, तेच केस, तोच चष्मा. पण आता नायक म्हातारा होत आलेला. लाथ मारायला पाय उचलतो आणि कंबर धरून तसाच उभा राहतो, मग गुंडच त्याला हळूच खाली बसवतात. रात्रीही काळा चष्मा काढत नाही आणि दिव्याच्या खांबाला दम देतो. प्रत्येक ठोशाआधी इतका वेळ पोझ घेतो की समोरचा टोळीवाला सँडविच खाऊन येतो. कोटाचं टोक लिफ्टच्या दारात अडकतं आणि तो वर, कोट खाली.

थिएटर काळ्या माणसांनी भरलेलं होतं आणि ती सगळी हसून लोळत होती. मीही आधी हसले. पण कोट अडकला तेव्हा माझं हसू थांबलं. मला बोरगावजवळचं ते हॉटेल दिसायला लागलं. आमच्या अण्णाला हे सगळे हसताहेत, असंच वाटलं.  लोरेटानं माझ्याकडं पाहिलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "माझ्या भावाचा असा कोट होता."

ती म्हणाली, "माझ्या बापाचाही होता. आई त्याला चर्चमध्ये तो घालू द्यायची नाही." मग म्हणाली, "हा आमचा माणूस आहे, म्हणून आम्ही हसतोय. दुसऱ्या कुणी हसून दाखवावं."

मी तिच्याबरोबर परत तिकीट काढून तोच सिनेमा पुन्हा पाहिला आणि पोट दुखेपर्यंत हसले.

त्यानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा अण्णानं बेळगावजवळ हिंडलग्याला घर बांधलं होतं आणि आईलाही तिथं आणलं होतं. तो आता प्रोफेसर झाला होता, बोलणं मोजून-मापून. येताना विमानात माझा एकच विचार चालला होता, हा सिनेमा त्याला सांगावा की नाही. ज्या गोष्टीवर त्याला टाळ्या मिळतात, तिलाच हात लागणार. पण पोटात काही राहीना. एका संध्याकाळी अंगणात सगळी बसली असताना मी सुरूच केलं. डोक्याला टॉवेलचं मुटकुळं बांधलं, वहिनीची शाल कोट म्हणून पांघरली, आणि म्हातारा नायक, गुंड, लिफ्ट, दिव्याचा खांब सगळं करून दाखवलं. पोरं गडाबडा लोळली. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. अण्णा तेवढा हसत नव्हता. चष्मा काढून तो पुसत बसला होता.

मी टॉवेल सोडला. विचारलं, "अण्णा, राग आला व्हय रं?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "तुला म्हाईत न्हाई, कुणालाच न्हाई. त्या दिशी हॉटेलात मी पळणारच हुतो. माणसं जवळ आली तसं म्हटलं, निघावं. उठाय गेलो तर कोट मागनं कुणीतरी धरलेला. वाटलं, संपलं आता. वळून बघतो तर बाकाचा खिळा. वढला तर फाटतोय, आन कोट दुसऱ्याचा. काय करतो मग? म्हटलं, वन मोअर टी."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आधी वहिनी हसली, मग मी, आणि मग अण्णा स्वतः असा हसला की त्याला खोकला लागला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्याच्या खांद्यावरून उतरताना मी पाहिलं. "प्रत्येक भाषणाला वाटायचं, आज सांगावं," तो डोळे पुसत म्हणाला. "पण लोकं टाळ्या वाजवायची."

आई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती हसली नव्हती. म्हणाली, "व्हय रं शंकर, आन पुढच्या आठवड्याला परत गेलतास, भुवई फोडून आलतास, तवा तुला कुठल्या खिळ्यानं वढून नेलतं?"

 अण्णा उठून आईच्या पायाशी जाऊन बसला.

घर म्हणजे काय, हा प्रश्न तुम्ही मला पत्रातून आणि फोनवर नेहमी विचारता. निपाणीची वस्ती, हिंडलग्याचं अंगण, हे तर आहेच. पण शिकागोतही मी आता रमले आहे, आणि हे सांगताना मला अपराधी वाटत नाही. तिथल्या काही चांगल्या लोकांना मी आमच्या गावच्या गोष्टी सांगते तेव्हा आधी वस्ती कुठं असते, कप बाहेर का असतात, हे सगळं उलगडून सांगावं लागतं. ते फार हळहळतात. तोवर गोष्टीतली गंमत विरून जाते.

परत गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी लोरेटाला अण्णाची गोष्ट सांगायला बसले. कट्टा, फुटके कप, आत न जाण्याचा नियम, हे समजावून सांगायला सुरुवात केली, तशी तिनं हात वर करून मला थांबवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. तू भावाचं सांग."