उजव्या हाताचा प्रसाद

पुढारी वाईट असतात असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांना बहुधा एकही पुढारी जवळून भेटलेला नसतो. मला भेटलाय. एकच, पण चांगला चार-पाच वेळा भेटलाय, आणि दर वेळी इतकं गोड वागलाय की घरी पोचेपर्यंत माझा राग कुठल्या कुठे पळालेला असायचा. म्हणून हे लिहून ठेवतेय. राग माझा आहे आणि तो मला परत हवाय.

आमच्या भागात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते. टीव्हीवर भाऊ ओरडतात, बोट नाचवतात, विरोधकांचे वाभाडे काढतात. पण समोर आले की हा माणूस वेगळाच. मूळचे कुठले ते मला आजही सांगता येणार नाही. आगरी-कोळ्यांच्या गावठाणात शिरले की "पानी येतं ना गो?" म्हणतात आणि आमच्या माथाडींच्या वस्तीत आले की थेट साताऱ्याचे होतात.

पहिली भेट बेलापूरला झाली. मी तिथे एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. लिफ्ट गच्च भरली होती, आत भाऊ आणि त्यांची माणसं. मी मागे सरले, तर त्यांनी आपल्याच एका जाड्या कार्यकर्त्याला बाहेर काढलं. "ताईंना येऊ दे. तू जिन्यानं ये, पोट उतरेल." सगळे हसले, तो जाड्यासुद्धा. वर जाताना त्यांनी माझ्या पिशवीकडे बघून वास घेतला आणि विचारलं, "सुकटीची चटणी?" चटणीच होती. मी डबा उघडला, त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्या आईची आठवण आली." संध्याकाळी मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने भाकरी थापता थापता निकाल दिला, "मानूस चांगला हाय." माझंही तेच मत झालं होतं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू जमिनीवर टेकायला लागला, पण हाताची मूठ जी वळली ती वळलीच. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आम्ही त्या मुठीत रुमालाची गुंडाळी सरकवून ठेवायचो. वाशीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बोटांना रोज व्यायाम हवा आणि तो आत्ताच हवा, नंतर हात आखडून जाईल. वाशीला नंबर लागायचा आठवड्यातून एकदा. रोज रिक्षात घालून नेणं मला नोकरी सांभाळून शक्य नव्हतं आणि आईच्या अंगातही तेवढं त्राण नव्हतं.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की ज्या व्यायामाची तिला गरज होती, त्याचं केंद्र आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे बांधून तयार होतं. खास म्हाताऱ्या माणसांसाठी. काचेतून सगळं दिसायचं, धरून चालायच्या दांड्या, हाताच्या व्यायामाची चाकं, सगळं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. पाटीवर कापड टाकलेलं आणि दाराला कुलूप. वॉचमनला विचारलं की ठरलेलं उत्तर, "उद्घाटनाची तारीख मिळाली की उघडणार." उन्हाळा सरला, पावसाळा आला, तारीख काही मिळेना. मी सकाळी आईची खुर्ची ढकलत त्याच केंद्राच्या पोर्चमध्ये नेऊन ठेवायचे, कारण तिथे सावली चांगली होती. एवढाच त्या इमारतीचा आम्हाला उपयोग.

एके सकाळी तिथेच भाऊ आले. सोबत कुणी नाही, पायात बूट, कपाळावर घाम, चालायला निघालेले. आईला बघून थांबले आणि सरळ फरशीवर उकिडवे बसले. तिची वळलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांत घेतली. "आमच्या आईलाबी असंच झालतं मावशी. मी भरवायचो तिला." ते नाटक नव्हतं. तिथे बघायला होतं कोण?

मी विचारलं, "भाऊ, हे केंद्र कधी उघडणार? आईला आत्ताच उपचार हवेत."

"अगं ताई, मलाच वाटतं आज कुलूप तोडावं," ते म्हणाले. "वरच्या साहेबांच्या हस्ते करायचंय, त्यांची तारीख अडलीय. तू टेन्शन नको घेऊ. माझीच आई हाय ही."

आई दिवसभर खुशीत होती. मीही होते. चहा उकळत असताना एकदम डोक्यात उजेड पडला, की या माणसाने आपल्याला काहीच दिलं नाही. माझाच राग माझ्याआधी बोलून दाखवला आणि मला रिकामं करून निघून गेला. वाईट माणसाशी भांडता येतं हो. जो आईचा हात हातात घेतो त्याच्याशी कसं भांडायचं, ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मग गणपती आले. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, आणि प्रसाद आईच्या हातचा, हे वडील असल्यापासून ठरलेलं. आजारपणात ती जेवण, वेणी, सगळं डाव्या हाताने करायला शिकली होती, पण डाव्या हाताने प्रसाद द्यायला तिचं मन घेईना. देवाचं ते उजव्या हातानेच द्यायचं. म्हणून त्या वर्षी ताट माझ्याकडे होतं आणि आई मखराशेजारी खुर्चीत नुसती बसून होती. येणारा प्रत्येक जण तिच्या पाया पडून माझ्यापुढे हात करायचा आणि ती दुसरीकडे बघायची.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी भाऊ आले. घरोघर दर्शनाला जायचा त्यांचा रिवाजच आहे. मागून आलेल्या कार्यकर्त्यांनी मोबाइल वर केले, तर भाऊंनी दटावलं, "खाली करा ते. घरात आलोय मी." चपला बाहेर काढल्या, गणपतीपुढे डोकं टेकलं, आईच्या पाया पडले. मी ताट पुढे केलं तर हसून म्हणाले, "तुझ्याकडून नको ताई. मावशींच्या हातचा घेणार." आणि आईपुढे तळहात पसरला.

खोलीत सगळ्यांना गहिवरून आलं. शेजारच्या काकूंनी तर डोळ्यांना पदरच लावला.

आईने मला खूण केली. मी ताट तिच्याजवळ नेलं. तिने उजव्या मुठीतली रुमालाची गुंडाळी ओढून काढली, डाव्या हाताने खडीसाखरेचा एक खडा उचलला आणि तो अंगठ्याशेजारच्या फटीतून मुठीत ढकलला. मग डाव्या हाताने ती मूठ उचलून भाऊंच्या तळहातावर धरली. बोटं हलेनात. मनगटाची शीर फुगली, ओठ दाबले गेले, मूठ तशीच राहिली.

"राहू द्या मावशी," भाऊ हळूच म्हणाले. "डाव्या हातानं द्या. मला चालतंय."

"मला न्हाई चालत," आई म्हणाली. "प्रसाद हाय तो. समोरचं दार उघडलं असतं तर एव्हाना बोटंबी उघडली असती."

आवाज चढवला नव्हता तिने. भाऊंचा हात पसरलेलाच होता. शेजारच्या काकू लगबगीने ताटातला प्रसाद उचलून द्यायला पुढे झाल्या. मी ताट मागे घेतलं. त्यांनी पुन्हा हात घातला, मी पुन्हा मागे घेतलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं, आणि या वेळी मी हसले नाही. ते नमस्कार करून रिकाम्या हाताने गेले.

"पाहुण्याला कुणी असं पाठवतं का?" काकू माझ्यावर उखडल्या. म्हटलं, आमच्या घरातून आजपासून असंच पाठवणार.

लगेच दार उघडलं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, मग एकदाचा मांडव लागला. वरचे साहेब आले, फीत कापली, भाषणं झाली. भाऊंनी स्वतः आईची खुर्ची ढकलत आत नेली. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलीने आईची बोटं एकेक करून चाचपली, आजार कधीचा ते विचारलं आणि नुसतं "हं" म्हणाली. तिने जीव तोडून मेहनत घेतली. अंगठा सुटला, त्याच्या शेजारचं बोट सुटलं. बाकीची तीन तशीच राहिली, आणि आता तशीच राहणार.

यंदाच्या गणपतीत भाऊ पुन्हा आले. मला वाटलं होतं टाळतील, पण त्यांनी टाळलं नाही, तेवढं श्रेय त्यांना देते. हसतमुखाने आईपुढे बसले आणि तळहात पसरला.

आईने ताटातून खडीसाखरेचा एक खडा दोन बोटांत धरला. हात उजवाच होता. तिने तो खडा त्यांच्या तळहाताच्या मधोमध ठेवला.

"एवढंच उघडलंय," ती म्हणाली.

भाऊंचे डोळे भरून आले. खरेच भरून आले होते, मी अगदी जवळ उभी होते. मी त्यांना रुमाल दिला नाही.